आपण नव्हतो तेव्हा ते काय खायचे

आत्या, तुझ्या अंगावर एकही ओरखडा नव्हता. हे सगळ्यात आधी लिहून टाकते, कारण देवासभर उलटं पसरलंय. तुला न्हाऊ घालताना मी होते, आई होती. हात, मान, पाठ, पाय, सगळं बघितलं. काही नव्हतं. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं, आणि त्या हृदयाच्या गोळ्या तुझ्या उशाशी कित्येक वर्षं होत्या हे गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण गोळ्यांमध्ये कुणाला रस नसतो. लोकांना व्हिडिओ लागतो.

व्हिडिओ आहे. समोरच्या गच्चीवरून कुणीतरी काढलेला. तू टाकीला टेकून बसल्यासारखी, मान एका बाजूला. भोवती वानरं. काळी तोंडं, लांब शेपट्या, एक पिल्लू तर पार तुझ्या पदराशी. मागून आवाज येतो, "अरे मार डाला रे अम्माजी को!" बस. एवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत तू 'लंगूरांच्या हल्ल्यात' गेली होतीस. दुसऱ्या दिवशी त्याच व्हिडिओची दुसरी आवृत्ती फिरली. त्यात मागे आरती लावलेली, आणि खाली लिहिलेलं की मंगळवारचा दिवस साधून स्वतः बजरंगबली अम्माजींना न्यायला आले.

दोन्ही बघून माझं डोकं सारखंच फिरलं. एकाला गुंड दिसतात, दुसऱ्याला देव दिसतात. झाडाचा पाला खाणारा प्राणी आहे, सकाळची भूक लागली म्हणून आलाय, एवढी साधी गोष्ट कुणाला दिसत नाही. तुला दिसायची. तू असतीस तर दोघांनाही फळ्यापाशी उभं केलं असतंस.

तुझी माहिती मी इथे देणार नाही. जन्म, शिक्षण, मुलींच्या शाळेत जीवशास्त्राच्या बाई म्हणून केलेली नोकरी, सगळं बाबांनी पेपरात छापून आणलंय. फोटोही दिलाय, तुला मुळीच न आवडणारा, लग्नातला, कुणाच्या तरी लग्नातला. मला फक्त तुझ्याशी बोलायचंय. मराठीत बोलतेय. धारच्या हिंदी शाळेत शिकलेली मी, मराठी लिहायला तूच लावलीस, आणि माझं प्रत्येक पत्रक छापायला जायच्या आधी तुझ्या लाल पेनाखालून जायचं. हे जाणार नाही. असू देत जसं आहे तसं.

*

सुट्टी लागली की बाबा मला धारहून बसनं आणून तुझ्याकडे सोडायचे. पहिल्याच जेवणाला तू विचारायचीस, "आज कोण?"

म्हणजे आज तू कोणता प्राणी. एकदा ठरलं की दिवसभर त्याच्यासारखं खायचं. कारल्याला नाक मुरडणाऱ्या पोरीसाठी काढलेली ती युक्ती होती, हे मला कितीतरी उशिरा कळलं. वटवाघूळ म्हटलं की आंबा चोखायचा, रस गिळायचा आणि चोथा थुंकायचा, अंगणात, लांब. खार म्हटलं की शेंगदाणा दोन्ही हातांत धरून कुरतडायचा. अस्वल म्हटलं की ओठांचं नळकांडं करून वरण सुर्रकन ओढायचं, कारण अस्वलाला वरचे मधले दात नसतात, ते वाळवी अशीच ओढून घेतं. शेकरू मागच्या पायांनी फांदीला लटकून, डोकं खाली करून खातं असं तू सांगितलंस, तर मी झोपाळ्याच्या कडीत पाय अडकवून उलटी लटकले आणि पोळी खाल्ली. उचकी थांबता थांबेना. तू पाठ चोळत होतीस आणि तरी सांगतच होतीस, "शेकरू इकडचं नाही हं, नर्मदेपलीकडे सातपुड्यात. उगाच आपलं म्हणू नये."

एकदा मी जाहीर केलं, "आज मी वाघ."

"छान," तू म्हणालीस. "वाघ एकदा पोट फुटेस्तोवर खातो आणि मग चार-पाच दिवस काही नाही. काल जेवलीस ना? ऊठ पाटावरून."

मी रडले. तू वाढलं नाहीस. आईनं असं केलं असतं का? अजिबात नाही. शेवटी मी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हटलं, "मी उदमांजर."

"उदमांजराला काय लागतं?"

"पपई."

"अजून?"

"उंबरं."

"अजून?"

"उंदीर."

"उंदीर संपलेत. पपई घे."

आणि मग तुझा तो ठरलेला प्रश्न. प्रत्येक प्राण्यामागे यायचाच. "आपण नव्हतो तेव्हा हा काय खायचा?" गायीला पोळी, मुंग्यांना साखर, पिंजऱ्यातल्या पोपटाला मिरची, सगळ्यांपुढे तोच प्रश्न. उत्तर येत नसेल तर त्या प्राण्याला आपण ओळखत नाही, नुसतं वाढतो, असं तू म्हणायचीस. शाळेतल्या मुलींनाही तू हेच विचारून छळलंस. आजही देवासच्या बाजारात साडीच्या दुकानात एखादी बाई मला ओळखते आणि हसून म्हणते, "तुम बहनजी की भतीजी ना? अपन नहीं थे तब?"

तुला आठवतं, मला कांजिण्या आल्या होत्या? मागच्या खोलीत मला वेगळं ठेवलं होतं, कडुनिंबाच्या डहाळ्या लावून. मी एकटी, खाज, ताप, आणि कुणी आत येईना. तू खिडकीची एक फळी जराशी उघडलीस आणि फटीतून एकेक द्राक्ष आत सरकवायला लागलीस. "मी धनेश, तू आत बसलेली त्याची मादी," तू म्हणालीस. मग सांगितलंस की ती झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त चोच मावेल एवढी फट ठेवते, आणि नर बाहेरून उंबरं, पिंपळाची फळं आणून एकेक तिच्या चोचीत देतो. पिल्लं मोठी होईपर्यंत. मी विचारलं, "तो आला नाही तर?" तू म्हणालीस, "येतो."

माझ्याकडे तुझ्याबद्दल सांगायला यापेक्षा मोठं काही नाही. येतो, म्हणालीस आणि रोज आलीस.

*

देवासात एकाच गावात दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाला एक राज्य, त्या अंगाला दुसरं. आपले पणजोबा थोरल्या पातीच्या कचेरीत कारकून, आणि त्या कारकुनीचा तोरा घरातून अजून गेलेला नाही. तू तो वानरांना देऊन टाकलास. टेकडीवरून उतरून मागच्या चिंचेवर येणारी टोळी ती थोरली पाती. रस्त्यापलीकडच्या पिंपळावरची ती धाकटी. दोघी एकमेकींच्या हद्दीत पाऊल टाकत नसत, आणि टाकलं की गच्च्यांवर जो हुपहुपाट व्हायचा त्याला तू "पातींचा तंटा" म्हणायचीस. थोरलीतली कान फाटलेली मादी म्हणजे 'सरकार'. ती कठड्यावर आली की तू मला हुकूम सोडायचीस, "सरकार आल्या. मुजरा कर." त्यांच्याशी तू मराठीतच बोलायचीस. खाली भाजीवाल्याशी हिंदी, दूधवाल्याशी माळवी, वर वानरांशी मराठी. "तेवढेच उरलेत," म्हणायचीस.

तेव्हा तू त्यांना काही घालत नव्हतीस. हे मला नीट आठवतं. ती यायची, चिंचेचा कोवळा पाला, कच्च्या चिंचा, शेवग्याचा मोहर ओरबाडायची, निम्मं खाली सांडायची आणि जायची. तू खालून शिव्या द्यायचीस.

मग मागचा मळा विकला गेला आणि तिथे कॉलनी झाली. चिंचा गेल्या, भोकर गेली, विहिरीवरचं उंबर गेलं. राहिली ती आपल्या परसातली एकटी चिंच. कॉलनीवाल्यांनी शोभेचे ताड आणि बोगनवेल लावली. मी धारहून फोनवर तावातावानं म्हटलं होतं, बोगनवेल कोण खातं? तू म्हणालीस, "कॅलेंडरवाले. फोटो काढून."

आणि त्याच हिवाळ्यात तू पोळ्या लाटायला लागलीस. आपल्याकडे गायीला घास, कावळ्याला घास, कुत्र्याला घास ठेवून मग पानावर बसायची रीत. तू त्यात चौथा घास वाढवलास. आधी एक पोळी. मग सरकारांची वेगळी. मग पिल्लं झाली म्हणून टोपलीभर. सणाला पुरणपोळी! पुरणपोळी, आत्या! ज्या बाईनं मुलींना शिकवलं की वानराचं पोट गायीसारखं कप्प्याकप्प्यांचं असतं, त्यात पाला आंबतो, कुजतो आणि मग पचतो, गोडाधोडानं ते पोट फुगतं, तीच बाई वानराला पुरणपोळी, वर तूप!

मी तेव्हा नुकतीच पत्रकं काढायला लागले होते. आम्ही चार टाळकी, उधारीचा छापखाना आणि भरपूर राग. माझं पहिलं पत्रक याच विषयावर. घास, मग झडप, मग चावा, मग पिंजरा. हातातून खायची सवय लावा, ते हातातून ओढायला लागतील. ओढायला लागले की तुम्हीच पिंजरा मागवाल. तू वाचलंस, दोन ठिकाणी लाल रेघ मारलीस आणि म्हणालीस, "बरोबर आहे."

"मग बंद कर."

"पाला आण. बंद करते."

"झाडं लावू ना आपण."

"लाव की. चिंच पोटापुरता पाला द्यायला लागेस्तोवर तुझं लग्न होऊन पोरं शाळेत जातील. तोवर?"

पत्रकात 'तोवर'ला जागा नसते.

*

मग आपण मांडवगडला गेलो. आषाढ लागायचा होता, गोरखचिंचेला कळ्या आल्या होत्या, आणि तुला ते फूल उमलताना दाखवायचं होतं. त्या लठ्ठ, बुटक्या खोडाखाली आपण बसलो. समोर एक कुटुंब वानराला कुरकुरे भरवत होतं, हसत होतं, फोटो काढत होतं. मी उठले आणि माझी पत्रकं काढून भाषण ठोकलं. "भाईसाहब, ये नमक-मसाला इसके पेट के लिए बना है क्या?" भाईसाहब म्हणाले, "मैडम, खुशी-खुशी खा रिया है, आपको क्या तकलीफ?" तेवढ्यात मागून एक हुप्प्या आला, माझ्या हातातला गठ्ठा ओढून झाडावर चढला, वरचं पत्रक तोंडात घातलं, चावलं, आणि थुंकलं.

तू हसून हसून खोडाला धरलंस. "मुक्ते, बघ! तुझं लिखाण पहिल्यांदा कुणाच्या तरी तोंडात गेलं. आणि त्यालाही पचलं नाही!"

मी दिवेलागणीपर्यंत तुझ्याशी बोलले नाही. मग ती पांढरी, मोठी, लोंबती फुलं उघडायला लागली आणि वटवाघळं आली. एकेक फुलाला लटकायचं, तोंड घालायचं, परागानं माखलेलं डोकं घेऊन पुढच्या फुलावर. कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. तू हळूच म्हणालीस, "झाड वाढतंय, ती जेवताहेत. मध्ये कुणी नाही. तुझं सगळं बरोबर आहे गं."

मी म्हटलं, "मग?"

तू म्हणालीस, "सकाळी गच्चीचं दार उघडलं की कुणीतरी वळून बघतं. एवढंच."

मी लगेच तोडगा काढला. आम्हा लोकांना तोडगे फार लवकर सुचतात. "मी रोज सकाळी फोन करत जाईन."

"फोन वळून बघत नाही, बाई," तू म्हणालीस आणि पिशवीतून डबा काढलास. "जेवून घे. आज कोण?"

मी म्हटलं, "वटवाघूळ." तुझ्याकडे आंबा होताच.

*

आपलं शेवटचं बोलणं भांडणच होतं. मी फोनवर म्हटलं, "तू त्यांना भिकारी करते आहेस." तू म्हणालीस, "आणि तू मला गुन्हेगार. ठेव आता, कणीक भिजवायचीय."

लोक मला सांगताहेत, मनाला लावून घेऊ नकोस, माफी माग, आत्म्याला शांती मिळेल. मी मागणार नाही. तू मला चांगली ओळखतेस. तू गेलीस म्हणून तू बरोबर ठरत नाहीस. मी अजूनही म्हणते की पोळी चूक होती. फरक एवढाच की आतापर्यंत हे मी कुणाला तरी म्हणत होते.

ताटाबद्दल सांगते. आधी वर पोचला तो बंटी भिया, शेजारचा, मोहल्ल्याच्या समितीचा. त्यानं तुला उचलून खाली आणलं. तो सांगतो की ताट तुझ्या बाजूलाच होतं आणि रिकामं होतं. लोक हे अशा आवाजात सांगतात जणू वानरांनी मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लं. मला मात्र सगळ्या ऐकीव गोष्टींत तेवढ्या एकाच गोष्टीनं बरं वाटलं. म्हणजे तू वाढलं होतंस. वाढून झालं होतं. त्यांनी खाल्लं, आणि मग तू उठली नाहीस तेव्हा ती तिथेच बसून राहिली. का बसून राहिली? आणखी मिळेल म्हणून. मी हेच म्हणेन. मी रडक्या गोष्टी लिहीत नाही.

नेमावरला नर्मदेत अस्थी सोडल्या. बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते. तू गेल्यापासून ते बोललेच नव्हते, नुसते कागदांवर सह्या करत फिरत होते. गुरुजींनी पिंड पाण्यात सोडायला सांगितलं. सोडलं आणि पाणी एकदम उकळल्यासारखं झालं, इतके मासे. बाबा बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आक्का विचारायची, आज कोण. मी नेहमी मासा व्हायचो. माशाला ताटच नसतं, म्हणून ते पुसून खावं लागायचं नाही."

तेव्हा मला कळलं की तू हा खेळ माझ्यासाठी काढलेला नव्हतास. आधी तो तुझ्या धाकट्या भावासाठी होता. आणि तो भाऊ आता म्हातारा होऊन नर्मदेत उभा होता आणि त्याला 'आज कोण' विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

*

तेराव्याला गोडाचं जेवण झालं. आपले लाडू, आमटी, आणि माळव्यात पंगत तुपात बुडवलेल्या बाफल्यांशिवाय उठत नाही म्हणून बाफलेही. विडे वाटत होते तेव्हा बंटी भिया कागद घेऊन आला. वानरांना पकडून न्यावं असा अर्ज. खाली मोहल्ल्यातल्या सह्या, आणि सगळ्यात वर एक जागा मोकळी. बाबांसाठी.

"काका, बस एक साइन। घरवालों की हो जाएगी तो अर्जी में दम आ जाएगा। मारेंगे थोड़ी, दूर जंगल में छोड़ देंगे।"

मी मध्ये पडले. "कौन से जंगल में, भिया? जहाँ पहले से दूसरी टोली बैठी है? वो घुसने देगी इनको? और जो छत पे रोटी खाना सीख गया, वो वहाँ पेड़ ढूँढेगा या गाँव?"

"दीदी, आप तो कल धार चली जाओगी।" त्याचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. "छत पे मेरी छोटी जाती है खेलने। बहनजी थीं तो सम्हाल लेती थीं, नाम ले-ले के बुलाती थीं। अब रोज सुबे आते हैं, रोटी नी मिलती तो दरवाजे बजाते हैं। अपन दुश्मन नी हैं किसी के। पर भोत हो गया अब।"

घास, मग झडप, मग पिंजरा. माझं पत्रक अक्षरशः खरं होत होतं आणि मला थुंकावंसं वाटत होतं, त्या हुप्प्यासारखं. मी त्याच्यावर ओरडूही शकत नव्हते. तुला छातीशी धरून खाली आणणारा माणूस तो.

बाबांनी पेन घेतलं. झाकण काढलं. मला वाटलं, संपलं.

"बंटी," ते म्हणाले, "लंगूर क्या खाता है?"

"क्या काका... चना, केला, रोटी। जो मिल जाए।"

"और अपन नी थे तब?"

बंटी भियाचा चेहरा वेडावाकडा झाला, हसू की रडू ते कळेना. त्याची बहीण तुझ्या वर्गात होती. त्या घरातही जेवताना हा प्रश्न फिरला असणार. "ये तो बहनजी का सवाल है," तो म्हणाला.

"हाँ। जवाब दे दे, फिर साइन करता हूँ।"

त्यानं परसातल्या चिंचेकडे बघितलं. "पत्ते, काका। इमली के... पीछे भोत इमलियाँ थीं। हम लोग पत्थर मारते थे।" मग विहिरीवरचं उंबर त्याला आठवलं. "गूलर भी था।"

"वो लगाएँ पहले?"

"लगाएँगे काका, मैं खुद गड्ढे खुदवाऊँगा।" आणि मग त्यानं कागदाची घडी करत विचारलं, "पर तब तक?"

आत्या, तुझाच प्रश्न. माझ्या पत्रकाच्या उलट बाजूनं, पिंजरा मागणाऱ्या माणसाच्या तोंडून. बाबांनी पेनाला झाकण लावलं आणि माझ्याकडे बघितलं. भर पंगतीत सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "तब तक मैं हूँ यहाँ।"

दुसरं काही सुचलं नाही. मग बोलता बोलता सुचत गेलं. गच्चीवर काही नाही, हातातून काही नाही. रोज पाला तोडून आणायचा, शेवग्याचा, भोकरीचा, पिंपळाचा, आणि परसातल्या चिंचेवर उंच बांधायचा. माणूस दिसायला नको. ती झाडाकडे वळली की छतावरची ये-जा कमी होईल. होईल असं मी म्हणते. पण खात्रीनं कुणी सांगू शकत नाही. धारची माझी मंडळी म्हणतील, हेही खायला घालणंच झालं, तुझं पत्रक तूच फाडलंस. म्हणू देत. त्यांना मी विचारीन, तोवर?

बंटी भियानं अर्ज फाडला नाही. खिशात ठेवला. "बारिश तक देखते हैं, दीदी," म्हणाला. एवढंच मिळालंय. पावसाळा येईपर्यंत थोरली पाती देवासात आहे. पुढचं मला माहीत नाही.

*

मी आता तुझ्या खोलीत राहते. तुझी गोधडी घेते. आज पहिल्यांदा पाला बांधला. बंटी भियानं शिडी धरली आणि सगळा वेळ "गिर मत जाना दीदी" म्हणत राहिला. मग मी वर गेले, गच्चीतलं तुझं ताट आत आणायला. कुणी त्यावर हार-फुलं चढवायच्या आत ते तिथून हलवायला हवं होतं, नाहीतर उद्या कुणी त्यावर शेंदूर लावेल.

दार उघडलं आणि कठड्यावरची सगळीच्या सगळी तोंडं वळली.

वळून बघतात गं. तू सांगितलं होतंस. मी ते ऐकलं होतं, पण मला ते कसं असतं हे माहीत नव्हतं.

सरकारांनी माझे हात बघितले. रिकामे. मग माझ्या बाजूनं मागे, दाराकडे बघितलं. मी ताट उचललं, ते वाजलं, तरी त्या दाराकडेच बघत होत्या. दार म्हणजे पोळी, त्या दारातून पोळी येते, म्हणून बघतात. मी हे मोठ्यानं म्हटलं. मग थांबले. इथे तू काहीतरी म्हणायला हवं होतंस. माझ्या वाक्यानंतर नेहमी तुझं वाक्य यायचं.

आईशी बोलताना, बाबांना सावरताना, लोकांच्या हातात विडे देताना मी 'अंत्यविधी' म्हटलं, 'तेरावं' म्हटलं, 'ते झालं तेव्हा' म्हटलं. तो एक शब्द मी अजून कुणापाशी उच्चारला नव्हता. कठड्यापाशी गेले, तू उभी राहायचीस तिथे, आणि मराठीत म्हटलं, "सरकार, आत्या गेली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चिंचेवर उडी मारली, मी बांधलेल्या डहाळीतलं एक कोवळं पान तोडलं, आणि खाल्लं.